फोनवरचा डॉक्टर आणि मनाचे औषध
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभी राहणारी माणसं. जे काही शिकलो ते पाळीवरून आल्यावर वाचून शिकलो. तेव्हा डॉक्टरकीचा आव आम्ही आणणार नाही. पण आमच्या खात्यात आणि वस्तीत जे बघितलं ते बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. विषय आहे उदासीचा आजार, त्यावरच्या गोळ्या, आणि त्या गोळ्या मोबाईलवरच्या खाजगी डॉक्टरकडून लिहून घेण्याची नवी रीत.

अंगात ताप असला की घरचे कपाळाला हात लावून बघतात. मनाचा ताप कुणाच्या हाताला लागत नाही. दोन आठवडे झाले तरी कशात मन लागत नाही, पहाटे तीनला जाग येते, घास उतरत नाही, आपण घराला ओझे आहोत असे वाटते. डॉक्टर याला डिप्रेशन म्हणतात. आपल्याकडे म्हणतात आळस, नाटक, नाहीतर बाहेरचं. आजाराला आजार म्हणायची तयारी नाही, मग औषध कुठून येणार?

मोबाईलवरच्या डॉक्टरकडे माणूस का वळतो, तेही समजून घेतले पाहिजे. मानसोपचाराचा डॉक्टर बहुधा जिल्ह्याच्या गावी. जायचे म्हणजे एक खाडा, वर गाडीभाडे. आणि सिव्हिलच्या त्या रांगेत ओळखीच्याने बघितले तर? मोबाईलवर रांग नाही, कुणी बघत नाही. म्हणून ही सोय वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. सरकारनेही मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनचे नियम काढून तिला मान्यता दिली.

पण सोय आणि धंदा यांत फरक आहे. आमच्या खात्यातल्या एका जोडीदाराचे उदाहरण सांगतो. पोराने मोबाईलवर पैसे भरून भेट ठरवून दिली. डॉक्टर पाच-सहा मिनिटे बोलले. झोप येते का, भूक लागते का, संपलं. गोळी लिहून आली. किती दिवस घ्यायची, काय त्रास होईल, पुन्हा कधी भेटायचे, काही नाही. चौथ्या दिवशी मळमळ सुरू झाली, त्याने पाकीट फेकून दिले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे आता कुणाशीच बोलत नाहीत." पुढे दुसऱ्या डॉक्टरने अर्धा तास विचारपूस केली, तीच गोळी कमी मात्रेने सुरू केली, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले. आज तो पाळीवर येतो. गोळी तीच होती, फरक विचारण्यात होता.

तर बंधूंनो, काही गोष्टी गाठीला बांधा. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही या आजारातली नेहमीची औषधे. चिठ्ठीशिवाय ती घ्यायची नाहीत. पहिल्याच भेटीत लिहून द्यायची तर डॉक्टरने व्हिडिओवर तुम्हाला बघितले पाहिजे, नुसत्या चॅटवर भागत नाही. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक पाहिजे. अल्प्राझोलामसारखी गोळी अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, ती फोनवर लिहून द्यायला त्या नियमांत मनाई आहे. कुणी सहज देत असेल तर सावध व्हा.

डॉक्टरने विचारले नाही तरी आपण सांगायचे. दारू किती, दुसरी औषधे कोणती, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, थायरॉईड आहे का. मरणाचे विचार येतात का, हेही लपवू नका. आणि मधेच कधी अंगात वारे भरल्यासारखे होऊन रात्र-रात्र झोपेवाचून काम, उधळपट्टी, बडबड असे झाले होते का, हे जरूर सांगा. तो आजार वेगळा. त्यात नुसती ही गोळी दिली तर उलटू शकते.

गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. मळमळ, डोकेदुखी आधी येते, बरे वाटणे मागून येते. नेमकी इथेच माणसं गोळी सोडतात. पंचविशीच्या आतल्या पोरापोरींवर पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावे, मरणाचे विचार वाढू शकतात. बरे वाटले तरी औषध सहसा आणखी सहा महिने तरी चालते. एकदम बंद केले तर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखे होते. बंद करायचे तर डॉक्टरला विचारून हळूहळू.

कुणी म्हणेल, विहारात येऊन ध्यान करा, गोळी कशाला? ध्यानाने मन स्थिर होते, खरे आहे. पण ध्यानासाठी कुणी औषध सोडू नये. दुःखाला कारण असते, हे आपण इथेच शिकलो. मग कारण शोधून उपाय करायला लाज कसली?

ज्यांच्याजवळ पैसे नाहीत त्यांनी हा नंबर लिहून घ्यावा : 14416. ही सरकारची टेलिमानस सेवा, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. रात्रंदिवस, फुकट, मराठीत बोलता येते. ई-संजीवनीवरही सरकारी डॉक्टर फुकट भेटतात. तीच औषधे मूळ नावाने जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतात.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो समितीपुढे मागणी म्हणून ठेवतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला. पण एका खोलीत सहा माणसं राहतात, तिथे डॉक्टरशी मोबाईलवर काय बोलणार? सासू ऐकते, शेजारी ऐकतो. बाई जिन्यात उभी राहून कुजबुजते, आणि खरे ते पोटातच राहते. खाजगी डॉक्टर मिळतो, खाजगी जागा मिळत नाही. विहाराच्या वाचनालयाची खोली दर रविवारी दुपारी रिकामी असते. ती दोन तास अशा माणसांसाठी द्यावी. आत एक खुर्ची, दाराला कडी, आणि कोण आले याची चौकशी करायची नाही. पैसा लागत नाही, नुसता ठराव लागतो. तो ठराव समितीने करावा, दाराशी बसायला आम्ही कामगार पाळीपाळीने येऊ.