डीकन जोन्सचे सॅक

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकू पाहणाऱ्या क्वार्टरबॅकला फेक होण्याआधीच आडवं पाडलं, की त्याला ‘सॅक’ म्हणतात. हे काम करणारे ते पास रशर. त्यांच्यात थोर कोण? आकड्यांना विचाराल तर ब्रूस स्मिथ. त्याचे २०० सॅक. रेगी व्हाइट १९८ वर थांबला. पण स्मिथ खेळला २७९ सामने, व्हाइट २३२. १९८७ साली खेळाडूंचा संप झाला, व्हाइटच्या वाट्याला अवघे १२ सामने आले, आणि त्यात त्याने २१ सॅक केले! माझं मत त्यालाच.

खरी गोम पुढेच आहे. एनएफएल ही तिथली लीग खेळाडूंचे सॅक अधिकृतपणे मोजू लागली ती १९८२ पासून. आणि ‘सॅक’ हा शब्द ज्याने रूढ केला, तो डीकन जोन्स १९७४ मध्येच निवृत्त झालेला! समोरच्याच्या हेल्मेटवर सणसणीत थप्पड हाणून तो वाट काढायचा. पुढे त्या थपडेवर बंदीच आली. अभ्यासकांनी जुन्या नोंदी चाळून त्याचे १७३.५ सॅक शोधून काढले. (दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकी अर्धा.) तेही बहुतेक मोसमांत चौदाच सामने असण्याच्या काळातले. अधिकृत यादीत मात्र त्यातला एकही नाही. लॉरेन्स टेलरचे १९८१ च्या पदार्पणातले साडेनऊही असेच हिशेबाबाहेर राहिले.