आजारपणाची सावड

शेतीतली सावड म्हणजे काय, हे माहूर-किनवटच्या माणसाला सांगायला नको. आज तुझ्या रानात माझे हात, उद्या माझ्या रानात तुझे. हाती पैसा नसला तरी काम अडत नाही. मग हीच रीत आजारपणात का चालवू नये, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. विमा कंपनीला हप्ता भरण्यापेक्षा शंभर कुटुंबांनी आपसात वर्गणी जमवावी आणि ज्याच्या घरी दुखणं येईल त्याला ती द्यावी, अशी ही कल्पना. तिच्यात तथ्य किती आणि धोका किती, याचा आज आपण विचार करू.

प्रश्न साधा नाही. आपल्या डोंगराळ भागातून मोठा दवाखाना गाठायचा म्हणजे नांदेड नाहीतर यवतमाळ. गाडीभाडं, सोबतच्या माणसाचा मुक्काम, बुडालेली मजुरी आणि मग दवाखान्याचं बिल. एका दुखण्यात बैलाला बाजार दाखवावा लागतो, नाहीतर सावकाराची पायरी चढावी लागते. तेव्हा वर्गणी कुठे टाकावी, हा निर्णय चुकला तर घर बसतं.

याचं एक प्रत्यक्ष उदाहरण फार दूरचं नाही. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, आणि त्याच्यापलीकडे वर्धा. तेथील सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. १९६९ साली त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. १९८० च्या सुमारास तेथील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांत एक योजना चालवली. वर्गणी पैशात नव्हे, ज्वारीत! आणि तीही सुगीच्या दिवसांत, घरात धान्य असताना. भूमिहीन मजुरानं थोडी ज्वारी द्यायची, जमीनवाल्यानं जमिनीच्या मानानं अधिक. औषधोपचार मात्र दोघांना सारखाच. गावातली बहुतेक कुटुंबं सामील झाली तरच त्या गावाला योजनेत घ्यायचं, अशी अट होती. जमलेल्या धान्यातून गावच्या आरोग्यसेवकाचा मेहनताना आणि औषधं भागत. अचानक आलेल्या आजारासाठी रुग्णालयात मोफत उपचार. बाळंतपण किंवा मोतीबिंदू, म्हणजे जे आधीपासून ठाऊक असतं, त्याच्या खर्चाचा काही हिस्सा रुग्णानं द्यायचा.

या अटी नीट पाहा. बहुतेक गाव हवं, ते कशासाठी? नाहीतर ज्याच्या घरी दुखणं आहे तोच वर्गणी देईल, धडधाकट माणूस बाजूला राहील आणि पेटी चार दिवसांत रिकामी होईल. विम्याच्या धंद्यालाही हीच भीती असते. म्हणून तर आधीपासून असलेल्या आजाराला कंपन्या काही वर्षं थांबायला लावतात. सेवाग्रामनं कुणाला थांबायला लावण्याऐवजी सारं गावच आत घेतलं. पण दुसरी गोष्टही तितकीच खरी. ज्वारीवर गावपातळीचा खर्च निघाला. मोठ्या आजारांचा भार रुग्णालयानं आणि पर्यायानं शासनाच्या अनुदानानं पेलला. पाठीशी रुग्णालय नसतं, तर नुसती ज्वारी पुरली नसती.

हे का, ते हिशेबानं पाहू. समजा, १०० कुटुंबांनी दरमहा १०० रुपये दिले. वर्षाचे झाले १ लाख २० हजार. एका घरी दोन लाखांची शस्त्रक्रिया निघाली की पेटी संपली, वर ८० हजार कमी पडले. उरलेल्या ९९ घरांनी वर्षभर आजारी पडायचं नाही, असं का ठरवता येतं? तीच वर्गणी १० हजार कुटुंबांची असेल तर वर्षाला १ कोटी २० लाख होतात; मग दोन लाखांचं ओझं जाणवत नाही. आणखी एक पेच आहे. शेताच्या सावडीत पाळी ठरलेली असते; आजार पाळी विचारत नाही. साथ आली तर अर्धं गाव एकदम अंथरुणाला खिळतं, आणि अवर्षणाच्या साली सगळ्यांचीच कणगी रिकामी असते. ज्या वेळी गरज मोठी, त्याच वेळी वर्गणी आटते.

अमेरिकेत अशा खर्चवाटपाची मोठी मंडळं आहेत. बहुतेक धार्मिक. सभासद दरमहा ठरलेला हिस्सा देतात आणि तो एकमेकांच्या बिलांसाठी वापरला जातो. विम्याच्या मानानं ते स्वस्त पडतं. मात्र नियमांत स्वच्छ लिहिलेलं असतं की हा विमा नव्हे आणि बिल भरण्याची हमी नाही. २०२१ साली असं एक मंडळ दिवाळखोरीत निघालं, आणि कित्येक सभासदांची बिलं तशीच त्यांच्या गळ्यात राहिली. शेजाऱ्याच्या शब्दावर विसंबणं वेगळं. ज्याचं तोंडही पाहिलं नाही अशा दूरच्या मंडळाच्या शब्दावर विसंबणं वेगळं.

आता विम्याकडे वळू. कंपनी नफा पाहते, बारीक अक्षरांत अटी लिहिते, कधी दावा नाकारते. या तक्रारी खऱ्या आहेत. पण तिथं करार असतो. तो मोडला तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. नोंदणीशिवाय विम्याचा धंदा करता येत नाही. त्यासाठी १९३८ चा कायदा आहे. तेव्हा कुणी नुसती पावती फाडून 'विम्यासारखंच आहे, भरा महिना एवढे' म्हणत दारी आला, तर आधी नोंदणी कुठली ते विचारा.

तिसरी वाट शासनाची. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला नांदेड होता. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०२३ साली शासनानं ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि संरक्षण वर्षाला पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. इतकी मोठी पेटी कुठल्याही गावाला भरता येणार नाही. पण तिलाही कुंपण आहे: उपचार यादीतला हवा, दवाखाना योजनेतला हवा. माहूरहून नांदेडपर्यंतचं भाडं, सोबत्याची भाकरी, बुडालेली मजुरी आणि तापथंडीचं रोजचं औषध कुंपणाबाहेरच राहतं.

माझ्या मते आपल्या सावडीची जागा नेमकी इथं आहे. मोठी शस्त्रक्रिया मोठ्या पेटीवर सोडावी. छोटा पण अडवून धरणारा खर्च गावानं वाटून घ्यावा. कितीदा असं होतं की उपचार फुकट असतो, पण गाडीला पैसे नाहीत म्हणून रोगी घरीच राहतो! बचत गटाच्या बायांना हे चालवणं अवघड नाही. दर महिन्याला पैसे मोजण्याची, वही लिहिण्याची त्यांना सवय आहे.

फक्त चार गोष्टी आधी ठरवाव्यात. वाडीवस्तीतली बहुतेक घरं आत हवीत. एका घराला वर्षातून जास्तीत जास्त किती द्यायचं, तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला हवा. पैसा बँकेत, दोघींच्या सह्यांनी निघणारा हवा. आणि जमाखर्च दर महिन्याला सर्वांसमोर मोठ्यानं वाचला गेला पाहिजे. वर्गणी सुगीत घेता आली तर आणखी बरं. मजुराला तेव्हाच ती झेपते.

आणि हे करताना घरातली शिधापत्रिका आणि आधार कार्ड यांवरची नावं जुळतात की नाही, तेही गटानं एकदा घरोघर तपासून घ्यावं. रात्री-अपरात्री दवाखान्याच्या दारात एका अक्षराच्या चुकीसाठी अडून बसण्याची पाळी कुणावर येऊ नये.