विंचू, महाडचे डॉक्टर आणि दाखल्यांची मोजणी



पनवेलहून गोव्याच्या वाटेला लागले, की पेण आणि माणगाव मागे टाकून महाड येते. आपल्याच रायगड जिल्ह्यातले हे गाव किल्ले रायगडामुळे आणि चवदार तळ्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. परंतु परदेशातल्या वैद्यकीय ग्रंथालयांत महाडचे नाव जाऊन बसले आहे ते विंचवामुळे.

कोकणात विंचू कोणाला नवा? भाताचा पेंढा, लाकडांचा ढीग, कौलांची फट, कुठेही सापडतो. मोठा काळा विंचू पाहून आपली गाळण उडते. पण जिवाला खरा धोका आहे तो लहानखुऱ्या लाल विंचवाचा. त्याचे विष मज्जातंतूंना असे काही चेतवते, की शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा लोंढा रक्तात येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो, ओकाऱ्या होतात. आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. लहान मूल असले तर काही तासांतच खेळ आटोपतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या खेड्यात जन्मलेले. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी डॉक्टर म्हणून आले. त्या काळी मंत्र उतरवणाऱ्याकडे जाऊन मग रोगी दवाखान्यात येई. आणि दवाखान्यात तरी काय होते? पुस्तकांत या रोगाबद्दल उपयोगी असे फारसे नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी सर्वांत साधे आणि सर्वांत कष्टाचे काम केले. ते रोग्याच्या उशाशी बसले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद तासातासाला, रात्रंदिवस. कोणती लक्षणे आधी दिसतात आणि हृदयावर संकट केव्हा येते, हे त्यांतून उलगडले. ते निरीक्षण १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. हे साप्ताहिक १८२३पासून चालत आलेले. त्यात जागा मिळावी म्हणून मोठमोठ्या रुग्णालयांतली मंडळी धडपडतात.

पुढचा विचार असा: वाहिन्या आवळल्याने जर हे सारे घडते, तर त्या सैल करणारे औषध का देऊ नये? रक्तदाबावरची प्रॅझोसिन नावाची गोळी बाजारात होतीच, आणि महागही नव्हती. ती वेळेवर तोंडावाटे दिली आणि रोग्याला आडवे निजवून ठेवले (उठून बसला तर रक्तदाब एकदम उतरण्याची भीती), तर तो वाचू लागला. १९८६ साली डॉक्टरांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह हे 'लॅन्सेट'मध्ये मांडले. सगळा मजकूर दोन पानांत मावलेला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत. पुढे हे प्रमाण पाचांच्याही खाली उतरले.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. अशा कामाची किंमत मोजावी कशी?

विद्वानांच्या जगात मोजण्याची एक रीत आहे. आपण लेख लिहिला आणि दुसऱ्या कोणी आपल्या लेखात त्याचा दाखला दिला, की आपल्या खात्यावर एक जमा. असे दाखले हुडकणे सोपे व्हावे म्हणून यूजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थांनी १९६४ साली त्यांची मोठी सूची छापली. हेतू सरळ होता: जुन्या लेखावरून नव्या लेखापर्यंत पोचता यावे. पण सूची हाती आली म्हटल्यावर माणसे मोजू लागली! २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एक निर्देशांक सुचवला. समजा, एखाद्याच्या दहा लेखांना प्रत्येकी निदान दहा दाखले मिळाले, आणि अकरा लेखांची तशी गोष्ट नाही. तर त्याचा आकडा दहा. गंमत बघा, एखाद्याने आयुष्यात एकच लेख लिहिला आणि त्याला हजार दाखले मिळाले, तरी त्याचा आकडा एक!

दुसरीही गोष्ट आहे. दाखला देतो तो लेख लिहिणारा. ज्या रोगावर श्रीमंत देशांत हजारो संशोधक आहेत, त्यावरच्या लेखाला दाखले भराभर मिळतात. विंचू चावतो तो शेतमजुराला, गुराख्याला, अनवाणी पोराला. त्यांच्या रोगावर लिहिणारे जगात मोजकेच. आणि आडगावच्या आरोग्य केंद्रातला जो डॉक्टर त्या दोन पानांतले वाचून रात्री दोन वाजता मुलाला गोळी देतो, तो कोठे लेख लिहायला बसतो? मूल सकाळी घरी जाते. सूचीत त्याची ओळही उमटत नाही.

आम्हां प्राध्यापकांचेही असेच झाले. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीसाठी गुणांची मोजपट्टी लावली आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके अळंब्यांसारखी उगवली. त्यांतले कितीतरी लेख छापणाऱ्यानेही वाचले नसतील, असे माझे मत आहे. केवळ आकड्यांवर संशोधकाची पारख करू नये, असा जाहीरनामा सॅन फ्रान्सिस्कोहून २०१३ साली निघाला, तो उगीच नव्हे. तरीही मी दाखल्यांना अगदीच निरुपयोगी म्हणणार नाही. ते नसते तर बिरवाडीचे काम दूरच्या डॉक्टरांना सापडले तरी कसे असते?

बावस्करांचे काम १९८६ला थांबले नाही. विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाल्यावर त्यांनी आपलेच औषध कसोटीला लावले. महाडच्या रुग्णालयात सत्तर रोगी घेतले. पस्तिसांना नुसते प्रॅझोसिन, पस्तिसांना त्याच्या जोडीला प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात आठ, दुसऱ्यात बत्तीस. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने हे छापले. पद्मश्री मिळाली ती २०२२ साली.

शिक्षकबंधूंनो, शाळेत एखाद्या मुलाला विंचू चावला, तर चावल्याची वेळ चिठ्ठीवर लिहा. घाम केव्हा आला, ओकारी झाली का, हातपाय गार आहेत का, तेही लिहा. मंत्रात वेळ न दवडता मुलाला आरोग्य केंद्रात न्या आणि ती चिठ्ठी डॉक्टरांच्या हाती द्या.