चांदवडचा घाणा : एक दुरुस्ती
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मागील मेळाव्यात याच व्यासपीठावरून आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले होते की, चांदवड येथे आमच्या पणजोबांच्या मालकीचा दगडी तेलघाणा होता. आपण टाळ्या दिल्यात. पुढे तो मजकूर स्मरणिकेतही छापून आला. ते विधान चुकीचे होते. मुलांच्या वह्यांतील चुका तांबड्या शाईने दाखविण्यात आमची अवघी नोकरी गेली; तेव्हा स्वतःची चूक चारचौघांत दुरुस्त करणे आम्हांस प्राप्तच आहे.

चांदवड म्हटले की लोकांस डोंगरावरील किल्ला, रेणुकामातेचे देऊळ, होळकरांचा रंगमहाल आणि चांदवडी रुपया पाडणारी टांकसाळ आठवते. रंगमहालातील कोरीव लाकडी खांब व भिंतींवरील चित्रे पाहावयास माणसे लांबून येतात. आम्हीही शाळेच्या सहली तेथे कितीदा तरी नेल्या. पण तेथल्या समया कोणाच्या तेलावर जळत असतील, हा प्रश्न ना कोणा विद्यार्थ्याने विचारला, ना आमच्या मनात आला. तेल्याच्या मुलाने हे विसरावे, याचे आता नवल वाटते.

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात तेल्याची गणना अलुत्यांत केली आहे. पेशवाईत धंद्यांवर मोहतर्फा नावाचा कर असे, त्यातून घाणाही सुटत नसे. घाण्याची रचना वरवर सोपी दिसते. जमिनीत पक्के रोवलेले दगडी वा लाकडी उखळ, त्यात तिरपी उभी लाट, लाटेस जोडलेली आडवी फळी, फळीवर दाबासाठी ठेवलेले धोंडे आणि डोळ्यांस झापड बांधलेला बैल. परंतु उखळातील तिळांवर पाण्याचा हबका केव्हा व किती मारावा, हे हातालाच कळते. पाणी कमी पडले तर पेंड धरत नाही, अधिक झाले तर तेल बिघडते. एक घाणी निघावयास दीड-दोन तास लागत. त्या पेंडीत शेकडा दहा-बारा भाग तेल राहून जाई, म्हणून दुभत्या जनावरास ती मानवे. आमच्या भागात तीळ, करडई व खुरासणी गाळीत. भुईमुगाचे पीक मागाहून वाढले.

पुढे दिव्यात रॉकेल आले. आगगाडी चांदवडास न येता लासलगाव-मनमाडवरून गेली, आणि यंत्राच्या तेलगिरण्यांपुढे बैलाचा घाणा टिकेना. 1934 साली गांधीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत घाणा सुधारण्याचे काम चालविले. झवेरभाई पटेल यांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली. पण आमच्या घरी तोवर घाण्याची फक्त गोष्ट उरली होती. (आता शहरांत ‘लाकडी घाण्याचे तेल’ अशा पाट्या पाहून आम्हांस हसूही येते आणि बरेही वाटते.)

असो. मेळाव्यानंतर काही तरुणांनी विचारले, “गुरुजी, तो घाणा दाखवाल का?” तेथून शोध सुरू झाला. सात-बारा चाळला, त्यात काही नाही. गाव नमुना नंबर चौदात आजोबांच्या जन्माची नोंद सापडली. जात ‘तेली’, एवढेच. पुढे वडीलबंधूंच्या निधनानंतर विधीसाठी त्र्यंबकेश्वरी जाणे झाले, तेव्हा तीर्थोपाध्यायांनी आपल्या जुन्या वह्या काढल्या. पणजोबांच्या नावाची ओळ निघाली, परंतु मोडीत. आम्ही शाळेत गेलो तोवर मोडी शिकविणे बंद झाले होते. 2023 सालापासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणारांस पुन्हा मागणी आली आहे. असाच एक तरुण वाचक आम्हांस मिळाला. त्याने बोट ठेवून वाचले : वस्ती चांदवड, अमक्यांच्या घाण्याकडील गडी.

गडी! आम्ही त्यास ती ओळ तीनदा वाचावयास लावली. घरी येऊन थोरल्या भगिनीस सांगितले. ती म्हणाली, “कशाला उकरतोस? कोणाला कळणार आहे?” दोन महिने आम्ही गप्प राहिलो, हे कबूल करतो.

ज्यांचा घाणा होता त्या घराण्याचे नाव येथे घेत नाही, कारण त्यांतील काही मंडळी समोरच बसलेली आहेत. अखेर त्यांच्याकडे गेलो. परसात नळाशेजारी ते उखळ आहे. तोंड गुळगुळीत झिजलेले, आत पाणी भरलेले, आणि दोन शेळ्या त्यात तोंड घालून उभ्या. घरात पंच्याऐंशी वर्षांच्या वृद्ध मावशी आहेत. आम्ही चाचरत विचारले, “मावशी, आमचे पणजोबा तुमच्याकडे गडी होते म्हणतात.”

“होते की!” त्या म्हणाल्या. “पण मास्तर, आमच्या आतेसासूबाई सांगायच्या ते ऐका. छप्पनच्या दुष्काळात गाळायला दाणा नव्हता. बैल विकला. बैलासाठी ठेवलेली पेंड दोन्ही घरांनी वाटून खाल्ली. पुढच्या साली तीळ आले, पण बैल कुठला? मग आमच्या घरचा म्हातारा आणि तुमचा पणजा, दोघांनी खांदा लावून लाट फिरवली. बैल घेईपर्यंत.”

छप्पनचा दुष्काळ म्हणजे 1899-1900 चा. संवत 1956 वरून त्यास ते नाव पडले. इतिहासाच्या तासाला आम्ही तो अनेक वर्षे पाच ओळींत उरकला होता.

‘आपला घाणा’ हा शब्द आमच्या घरी कोठून आला, हे तेथे उखळापाशी उभे असता उमगले. पणजोबा खोटे बोलले नसावेत. मालकीचा अर्थ त्यात आम्ही घातला.

ते उखळ मंडळाच्या कार्यालयापुढे आणून बसवावे, अशी सूचना कार्यकारिणीत आली होती. आम्ही ती मावशींच्या कानी घातली. त्यांनी विचारले, “आणि माझ्या शेळ्या पाणी कुठं पितील?” सूचना मागे घेतली आहे. ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी आम्हांस सांगावे, आम्ही बरोबर येऊ. जाताना शेळ्यांसाठी मूठभर पाला न्यावा.

मागील स्मरणिकेतील आमच्या मजकुरात पणजोबांविषयी जेथे ‘मालक’ असे छापले आहे, तेथे ‘गडी’ असे वाचावे, ही नम्र विनंती.