रंगाखालचा पत्रा

(गणेशोत्सवातील ‘शेजाऱ्याचा अनुभव’ या कार्यक्रमात क्लब हाऊसमध्ये केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



मला दोन अटी घातल्या आहेत. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही आणि बँकेविषयी बोलायचं नाही. पहिली पाळतो. दुसरीची खात्री देत नाही, कारण ३६ वर्षं नोकरी केल्यावर माणूस निवृत्त होतो, पण त्याच्यातला बँकवाला काही निवृत्त होत नाही.

आज मी एका मोटारीची गोष्ट सांगणार आहे. जुनी, जपानी, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार. ज्यांनी मला इतकी वर्षं पार्किंगमध्ये स्कूटर पुसताना पाहिलं आहे त्यांना हसू येईल. हसा, हरकत नाही. आमच्या घरातही सगळे हसले होते.

माझे एक मामा नैरोबीला हिशेबनीस होते. १९७३ साली, मी नुकताच पदवीधर होऊन नोकरीसाठी अर्ज खरडत होतो तेव्हा, त्यांच्या पत्रातून तिथल्या वर्तमानपत्राचं एक कात्रण आलं. ईस्टरच्या सुट्टीत तिथे सफारी रॅली होत असे. चिखल, धूळ, डोंगर असा पाच हजार किलोमीटरांच्या आसपासचा रस्ता. त्या वर्षी ती जिंकली शेखर मेहता या युगांडात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या तरुणाने. त्याचे आणि दुसऱ्या एका स्पर्धकाचे गुण सारखे झाले होते आणि नियमानुसार टाय सोडवून मेहता विजयी ठरला. पुढे १९७९ ते १९८२ अशी सलग चार वेळा त्याने ती रॅली जिंकली, म्हणजे एकूण पाच वेळा. फोटोत चिखलाने माखलेली लांब नाकाची गाडी होती. नाव डॅटसन २४० झेड.

आपल्याकडे तेव्हा स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. माझी सात वर्षांनी आली. त्यामुळे ती मोटार घेण्याचं मनात आलं असं म्हणणं खोटं होईल. पण कात्रण मी ट्रंकेत जपून ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

गाडीची थोडी माहिती देतो. निस्सान कंपनीने ती १९६९ च्या अखेरीस आणली. जपानात नाव फेअरलेडी झेड, अमेरिकेत डॅटसन २४० झेड. सहा सिलिंडर, २,३९३ सीसीचं इंजिन, मागे वर उघडणारं दार. अमेरिकेत किंमत ३,५२६ डॉलर, म्हणजे तशाच दिसणाऱ्या युरोपी गाड्यांपेक्षा खूपच कमी. अमेरिकेत ही गाडी हवी म्हणून आग्रह धरणारे गृहस्थ म्हणजे युताका काटायामा. ते १९६० मध्ये तिकडे गेले आणि एकेका विक्रेत्याला स्वतः भेटून त्यांनी डॅटसनचा जम बसवला. लोक त्यांना ‘मिस्टर के’ म्हणत. २०१५ साली वारले तेव्हा १०५ वर्षांचे होते.

आणि डॅटसन या नावाची एक गंमत, खास बँकवाल्यांसाठी. डेन, आओयामा आणि ताकेउची या तीन भांडवलदारांच्या आद्याक्षरांवरून आधी ‘डॅट’ गाडी झाली. मग छोट्या गाडीला ‘डॅटचा मुलगा’ म्हणून डॅटसन म्हणायचं ठरलं. पण जपानी भाषेत ‘सोन’ म्हणजे तोटा! म्हणून त्यांनी स्पेलिंग बदलून शेवटी सूर्याचा ‘सन’ केला. तोटा नावातूनसुद्धा काढून टाकणारी कंपनी मला तेव्हापासून आवडते. हेच नाव २०१४ मध्ये आपल्याकडे परत आलं होतं आणि २०२२ मध्ये बंदही झालं.

आता मुलाकडे वळतो. तो दहा-बारा वर्षांचा असताना ट्रंकेतलं ते कात्रण त्याच्या हाती लागलं. मी म्हटलं, “मामाआजोबांचं आहे, ठेवून दे.” पण त्याने ते ठेवलं डोक्यात. पुढे तो कॅलिफोर्नियात नोकरीला लागला, तिथेच संसार थाटला. २०१८ मध्ये आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, “बाबा, मी २४० झेड शोधतोय. तुम्ही बरोबर चला.”

मी विचारलं, “पन्नास वर्षांची गाडी? तारण म्हणून कोणती बँक घेईल?”

तो म्हणाला, “तारण नकोय बाबा, गाडी हवीय.”

गेलो. पण रिकाम्या हाताने नाही. त्याने एका मेकॅनिककडून कुठे काय पाहायचं ते विचारून ठेवलं होतं. त्यावरून मी कर्ज मंजुरीआधी करतो तसा पाहणी अहवालाचा तक्ता तयार केला. या गाडीचा खरा शत्रू गंज. पत्रा पातळ आणि गंजापासून संरक्षण जेमतेम. म्हणून बॅटरीखालचा पत्रा, पायाखालचा तळ, दाराच्या मागे चाकासमोरचा कोपरा, मागच्या दाराची कड, या जागा आधी पाहायच्या. जिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या गाड्या सडलेल्या, म्हणून कोरड्या हवेतली गाडी बरी. दुसरं, नंबर. इंजिनाच्या खोलीत एक पट्टी असते, तिच्यावर चेसिस आणि इंजिन दोन्हींचे नंबर असतात. ते मागच्या पत्र्यावर आणि इंजिनावर कोरलेल्या नंबरांशी जुळले पाहिजेत. तिसरं, कागद.

पहिली गाडी सॅक्रामेंटोजवळ पाहिली. विकणारा तरुण म्हणाला, फक्त ४१,००० मैल चाललेली आहे. पण या गाडीच्या मीटरला मैलांचे पाचच आकडे. लाख झाले की पुन्हा शून्य. त्याने दिलेल्या बिलांच्या पाकिटात १९८६ ची एक पावती होती, तिच्यावर ९२,००० लिहिलेलं. मी ती मुलासमोर धरली. त्याने बॅटरी उचलली आणि खालच्या पत्र्यावर बोट टेकवलं, बोट आरपार गेलं. नमस्कार करून निघालो.

दुसरी गाडी सॅन होजेला एका विक्रेत्याकडे होती. नारिंगी रंग, आरशासारखी चमक. मागणी ३४,००० डॉलर, कारण ‘सगळे नंबर मूळचे’. मुलाचा चेहरा असा खुलला की विचारू नका. त्याने चेकबुक बरोबर आणलेलंच होतं.

मी नातीच्या फ्रिजवरचा आंब्याचा चुंबक रुमालात गुंडाळून नेला होता. दारावर धरला, चिकटला. मागच्या चाकासमोरच्या कोपऱ्यावर धरला, खाली पडला. दुसऱ्या बाजूला, तेच. म्हणजे तिथे पत्रा नव्हता, लांबी भरून वर रंग मारलेला होता. तळाला ताजं डांबरासारखं काळं काहीतरी फासलेलं. आणि इंजिनावरचा नंबर पट्टीशी जुळेना. इंजिन बदललेलं असणं हा काही गुन्हा नाही. पण मग ‘सगळं मूळचं’ म्हणून जादा पैसे कशाचे?

मी म्हटलं, “ही नको.”

परतीच्या वाटेवर मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबा, आयुष्यभर तुम्ही फक्त ‘नको’च म्हणत आलात. सायकल नको, सहल नको, आता हीसुद्धा नको. माझे पैसे आहेत, माझी गाडी आहे.”

मी काही बोललो नाही. खोटं काय होतं त्यात? दोन दिवस घरात नुसता टीव्हीचा आवाज.

तिसऱ्या दिवशी सूनबाई चहा घेऊन माझ्या खोलीत आली. म्हणाली, “बाबा, तो स्वतःसाठी घाई करत नाहीये. मागच्या वर्षी तुमची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा त्याला येता आलं नाही, ते त्याला अजून बोचतंय. आईंनी त्याला सांगितलंय की ते कात्रण मामांचं नाही, तुमचं आहे. तुम्ही ऑक्टोबरअखेर परत जायच्या आत त्याला तुम्हाला त्या गाडीत बसवायचंय.”

मंडळी, बँकेत मी हजारो अर्ज वाचले. अर्जामागचा माणूस वाचायचा असतो हे नव्या मुलांना शिकवलं. आणि घरातला अर्ज मात्र मी वाचलाच नव्हता.

त्या रात्री मुलाशी बोललो. म्हटलं, “ती नारिंगी गाडी अजूनही नकोच. माझ्यासाठी घ्यायची असेल तर मुळीच नको. पण शोध थांबवू नकोस. उद्यापासून मी ‘नको’ म्हणायला नाही येणार, ‘घे’ म्हणायला येणार. फक्त तशी गाडी दाखव.” तो हसला. आणि मग १९७३ बद्दल त्याने मला काय काय विचारलं! पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या कात्रणाविषयी कुणाशी बोललो.

सप्टेंबर तसाच गेला. दोन गाड्या फोनवरच बाद झाल्या, एक आम्ही पोचायच्या आत विकली गेली. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात फ्रेस्नोची एक जाहिरात दिसली. तीन तासांचा रस्ता, बदामांच्या बागा, कोरडी ठणठणीत हवा. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या यजमानांनी १९७२ मध्ये गाडी नवी घेतली होती. ते वारले, गाडी गॅरेजमध्येच राहिली. पांढरा रंग उडालेला, डॅशबोर्डला उन्हाने तडे गेलेले. दिसायला अगदीच साधी.

मीटरवर २३,००० होते. आम्ही विचारायच्या आधीच बाई म्हणाल्या, “एकदा पूर्ण फिरून आलाय बरं का, एक लाख तेवीस हजार समजा.” मी मुलाकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. माझा निम्मा अहवाल तिथेच पूर्ण झाला.

चुंबक सगळीकडे चिकटला. एका ठिकाणी तळाला गंज होता, तो बाईंनीच दाखवला. नंबर जुळले. बरोबर आणलेल्या मेकॅनिकने सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासलं, आकडे जवळजवळ सारखे. मग त्यांनी कपाटातून एक वही आणली. पहिल्या दिवसापासून पेट्रोल कधी भरलं, किती गॅलन, किती मैल झाले, ऑइल कधी बदललं, सगळं बारीक अक्षरात, रकाने आखून. माझ्या स्कूटरची अशीच वही आहे, आमची ही त्यावरून मला अजून चिडवते. कधीही न भेटलेल्या त्या माणसाची वही हातात घेऊन मी खुर्चीत बसलो आणि शेवटचं पान पाहिलं. नोंद अर्धवट होती. तारीख होती, पुढे काही नाही.

मागणी २२,००० होती. मुलगा घासाघीस करणार एवढ्यात मी मराठीत म्हटलं, “घे. आणि एक पैसा कमी करू नकोस.” बाईंनी टायटलच्या कागदावर सही केली, त्याला तिकडे पिंक स्लिप म्हणतात. गाडीवर कुणाचा बोजा नाही ना, एवढं मी पाहून घेतलंच. जाताना त्या म्हणाल्या, “एकदा सुरू करून दाखवा.” चोक ओढून मुलाने चावी फिरवली. ते ऐकताना त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. सूनबाईने त्यांचा हात धरला.

पुढच्या रविवारी एका शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये मुलाने चावी माझ्या हातात दिली. आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं, पाय लांब पसरून. स्टिअरिंग डाव्या बाजूला, क्लच जड. पहिल्यांदा बंद पडली, दुसऱ्यांदा निघाली. तीन फेऱ्या मारल्या, अंदाजे दीड मैल. बाहेर काढायला दोन माणसं लागली. आमच्या हिने फोटो काढला, त्यात माझं डोकं कापलं गेलंय, पण गाडी नीट आली आहे. तीन दिवसांनी आमचं विमान होतं.

आता तुम्ही म्हणाल, याचा सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाशी काय संबंध? आठवा, आधी बाहेरून रंग की आधी गळती, यावर आपल्या तीन सर्वसाधारण सभा झाल्या. तिसऱ्या सभेत मी उठून फक्त चुंबकाची गोष्ट सांगितली होती. त्या वर्षी आपण आधी वॉटरप्रूफिंग केलं आणि कमिटीने दोन वर्षं उडालेल्या रंगाचे टोमणे खाल्ले. पंचवीस वर्षांची इमारत आज कोरडी आहे. पण त्याच दमात हेही सांगतो की तपासणी ही ‘घे’ म्हणता यावं यासाठी करायची असते. मी घरात बरीच वर्षं नुसती तपासणीच करत राहिलो. आपल्यापैकी कुणाच्या घरी मुलाचा, सुनेचा, नाहीतर बायकोचा असा एखादा अर्ज पडून असेल, तर आज रात्री तो काढून वाचा.

ती वही मुलाने पुढे चालू ठेवली आहे. फ्रेस्नोच्या त्या गृहस्थांच्या अर्धवट नोंदीखाली एक ओळ सोडून त्याने स्वतःची पहिली नोंद केली. दर महिन्याला पानाचा फोटो मला मोबाईलवर येतो आणि मी बेरजा तपासतो. परवा एक चूक निघाली, सात गॅलनची. कळवली आहे.

चहा आलेला दिसतोय.