उतारवयांतील स्कूटर

पुण्याच्या कोणत्याहि जुन्या पेठेंत, जेथें वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या आहेत, तेथें तळमजल्यावर सकाळीं आठच्या सुमारास एक दृश्य हमखास पाहावयास मिळतें. सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ हातांत पिशवी आणि खिशांत मंडईची यादी घेऊन आपल्या स्कूटरजवळ येतात. स्कूटर मधल्या स्टँडवर उभी असते. तिला पुढें ढकलून खालीं घेण्यापूर्वीं ते क्षणभर थांबतात आणि इकडेतिकडे पाहतात. वॉचमन जवळपास असता तर बरें झालें असतें, हा विचार त्यांच्या मनांत असतो. तो बोलून मात्र दाखविला जात नाहीं. दहा वर्षांपूर्वीं या ठिकाणीं थांबण्याचें त्यांना कारणच पडलें नसतें.

घरांतहि याच सुमारास एक वाद सुरू झालेला असतो. मुलगा म्हणतो, "बाबा, आतां गाडी पुरे झाली. रिक्षानें जात जा." गृहस्थ उत्तर देत नाहींत. किल्ली एकदां खुंटीवर अडकली कीं ग्रंथालय, बँक, कोथरुडचा मित्र आणि पत्नीच्या गुडघ्याचे डॉक्टर हीं सारींच ठिकाणें दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहणार, हें त्यांस पक्कें ठाऊक असतें. मुलाची काळजी खोटी नाहीं आणि वडिलांचें मौनहि हट्टाचें नाहीं. तथापि या दोघांच्या मध्यें एक तिसरा प्रश्न उभा असतो आणि तो फारच थोड्या घरांत विचारला जातो: जी गाडी चाळिशींत घेतली ती सत्तरींत शोभते काय? वयाच्या माथीं मारलेले पुष्कळसे दोष वस्तुतः गाडीचे असतात.

जुन्या चेतकचेंच उदाहरण घ्यावें. १९७२ सालीं बाजारांत आलेली ही गाडी एका पिढीनें घरच्या माणसासारखी सांभाळली. तिचें इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या अंगास. क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठींत. सुरू करावयाची ती किक मारून, आणि रुसली तर एका अंगास कलती करून. तरुण मनगटाला या सोपस्काराचें कांहीं वाटत नसे. पण ज्याच्या डाव्या अंगठ्याचा सांधा झिजला आहे, त्याला लक्ष्मी रस्त्याच्या गर्दींत दर दहा पावलांवर क्लच दाबून मूठ पिळणें म्हणजे शिक्षाच होय. १९८४ सालीं कायनेटिक होंडा आली ती बटणानें सुरू होणारी आणि गिअर नसलेली. त्या वेळीं तिच्याकडे पाहून नाक मुरडणारेहि होते. आज त्यांपैकीं बहुतेकांच्या दारांत बिनगिअरचीच गाडी असेल. तेव्हां उतारवयासाठीं गाडी निवडतांना गिअरचा प्रश्न निकालांत निघालेलाच आहे. प्रश्न उरतो तो आकाराचा.

आकारानें स्कूटरचे ढोबळ तीन वर्ग पडतात. लहान गाड्या हलक्या असतात, परंतु आखूड असल्यामुळें उंच माणसाचे गुडघे वळण घेतांना हँडलला लागतात. मोठ्या गाड्या पाहतांच मोह पडतो. रुंद आसन, पुढें वारा अडविणारी उंच कांच, पाय पसरावयास जागा. सुझुकीच्या बर्गमन ४०० सारखी गाडी युरोपच्या लांब आणि गुळगुळीत रस्त्यांवर प्रौढ स्वारांना सुखाची वाटते, यांत नवल नाहीं. पण तिचें वजन दोनशें किलोंच्याहि वर जातें. शिवाय अशा गाड्यांत पाय ठेवण्याची जागा सपाट नसून मधोमध एक उंचवटा असतो. त्यावरून पाय उचलून पलीकडे टाकावा लागतो, आणि पाय उचलणेंच तर नको म्हणून स्कूटर घ्यावयाची! १९४६ सालीं इटलींत पियाज्जिओ कारखान्याची व्हेस्पा निघाली, तिचा आराखडा कोर्रादिनो दास्कानियो या विमानविद्येच्या अभियंत्यानें केला होता. त्याला मोटारसायकल मुळींच आवडत नसे. खुर्चींत बसावें तसें बसतां यावें आणि पाय समोर सपाट ठेवतां यावे, ही त्याची मूळ कल्पना. उतारवयांतील स्वारानें ती सोडूं नये. म्हणून ११० ते १२५ सीसीची, सपाट पायठाणाची मध्यम गाडी हीच बहुतेकांना योग्य. पत्नीला मागें घेऊन कात्रजचा घाट चढावयाचा असेल तर १२५ सीसीचें इंजिन कमी धडपडतें. केवळ गांवांतच फिरावयाचें असेल तर दोहोंत विशेष अंतर नाहीं.

या वर्गांतील पेट्रोलच्या गाड्यांचें वजन बहुधा १०० ते ११० किलोंच्या आसपास असतें. रस्त्यावर चालू गाडीचें वजन जाणवत नाहीं. तें जाणवतें गाडी थांबल्यावर. इमारतींतून रस्त्यावर येणारा उतार दहा हातांना एक हात असला, तर ११० किलोंची गाडी त्यावर सुमारें अकरा किलोंच्या जोरानें खालीं ओढते. तीच गाडी उलटी, मागें मागें नेत चढवावयाची असेल तर काय होईल, याचा विचार दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर कोणासहि सुचत नाहीं.

स्टँडची गोष्टहि अशीच. पुष्कळ ज्येष्ठ मंडळी गाडी हातांनीं वर ओढतात आणि दुसऱ्या दिवशीं कंबर धरून बसतात. वास्तविक मधल्या स्टँडला जी पट्टी बाहेर आलेली असते, तिच्यावर उजव्या पायानें शरीराचा सारा भार द्यावयाचा असतो. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांड्यावर, आणि दोन्ही हातांनीं फक्त तोल सांभाळावयाचा. स्टँडचे दोन्ही पाय एकाच वेळीं जमिनीला टेकले आहेत हें आधीं पाहावें. असें केल्यानें गाडी जवळजवळ आपोआप मागें सरकून वर चढते. ही पट्टी कांहीं गाड्यांत इतकी आखूड असते कीं तिच्यावर जाड चप्पल नीट बसत नाहीं. खरेदीपूर्वीं हें एकदां करून पाहिलेंच पाहिजे; विक्रेता करून दाखवील त्यावर विसंबूं नये, कारण विक्रेता बहुधा पंचविशीचा असतो.

आसनाची उंची या वर्गांत साधारणतः ७६० ते ७८० मिलिमीटर असते. छापील आंकड्यावरून निर्णय करणारा मात्र फसतो. रुंद आसनावर मांड्या फांकतात आणि पाय जमिनीपर्यंत पोहोंचत नाहींत. म्हणून ७८० मिलिमीटरचें पुढें निमुळतें होणारें आसन ७६५च्या रुंद आसनाहून सोयीचें ठरूं शकतें. नेहमींची चप्पल घालून बसावें आणि दोन्ही टांचा टेकतात काय तें पाहावें. केवळ बोटें टेकत असतील तर वाळू पसरलेल्या जागीं पाय सटकलाच म्हणून समजावें. आसनाच्या मऊपणावरहि भाळूं नये. फार मऊ गादी दुकानांत पांच मिनिटें गोड वाटते आणि अर्ध्या तासांत खालच्या लोखंडाची ओळख करून देते.

आतां पाठीकडे वळूं. मोटारसायकलवर खड्डा आला तर स्वाराला पायांवर जोर देऊन किंचित् उठतां येतें. स्कूटरवर पाय पुढें असल्यामुळें तें साधत नाहीं आणि धक्का सरळ कण्यांत जातो. त्यांत स्कूटरचें चाक लहान; दहा इंची चाक ज्या खड्ड्यांत पडतें, त्यावरून बारा इंची चाक कमी दणका देऊन जातें. या वर्गांतील आजच्या बहुतेक गाड्यांचें पुढचें चाक बारा इंची आणि मागचें दहा इंची असतें. होंडाच्या ॲक्टिव्हालाहि २०२० सालच्या सहाव्या आवृत्तींत पुढें बारा इंची चाक आणि दुर्बिणीच्या नळीसारखे सरकणारे दांडे मिळाले. मागें-पुढें दोन्ही चाकें बारा इंची असलेली गाडी मिळाली तर पाठीच्या दृष्टीनें ती अधिक चांगली. कांहीं गाड्यांची मागची स्प्रिंग तीन पायऱ्यांत मऊ-कठीण करतां येते. एकट्यानें जाणाऱ्यानें ती सर्वांत मऊ पायरीवर ठेवावी. आणखी एक गोष्ट पैसा न खर्च करतां होणारी आहे. अनेक गाड्यांच्या पुस्तकांत एकट्या स्वारासाठीं पुढें २२ आणि मागें २९ हवा सांगितलेली असते, तर दोघांसाठीं मागें ३६. पंपावरचा मुलगा दोन्ही टायर ठणठणीत फुगवून देतो आणि मालक डॉक्टरकडे जाऊन कंबरेचा फोटो काढतो!

मागें बसणाऱ्या व्यक्तीचा विचार गाडी घेतांना सर्वांत शेवटीं होतो, किंबहुना होतच नाहीं. पत्नी लुगडें किंवा साडी नेसून एका अंगास बसणारी असेल तर तिच्यासाठीं पाय ठेवावयास पट्टी, धरावयास दांडा आणि पदर चाकांत जाऊं नये म्हणून जाळी हवी. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें असें संरक्षण आपल्या मोटार वाहन नियमांतच सांगितलेलें आहे. तेव्हां शोभा जाते म्हणून तें काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकूं नये. दुकानांत पत्नीला बरोबर न्यावें आणि तिला चढतां-उतरतां काय पडतें तें तिलाच विचारावें. गाडी निवडण्यांत तिचें मत निम्में तरी असावें.

ब्रेकच्या बाबतींत कायद्यानें काम सोपें केलें आहे. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत निदान दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय असावी लागते. या गाड्यांत डावी मूठ दाबली कीं पुढचा ब्रेकहि लागतो. म्हणून त्याहून जुनी गाडी स्वस्तांत मिळत असली तरी ज्येष्ठांनीं तिच्या नादीं लागूं नये.

विजेच्या गाडीला आवाज नाहीं, थरथर नाहीं आणि पंपावर उन्हांत उभें राहणें नाहीं. मात्र तिचें वजन पुष्कळदां ११० ते १३० किलो भरतें आणि मूठ किंचित् पिळतांच ती झेप घेते. आवाज नसल्यामुळें ती चालू आहे हें विसरून उभ्या उभ्या मूठ पिळली जाण्याचा धोका असतो. जिच्यांत मंद गतीची निवड करतां येते तीच घ्यावी. २५ किलोमीटरहून अधिक वेग नसलेल्या आणि २५० वॅटच्या आंतील मोटर असलेल्या गाडीस परवाना लागत नाहीं हें खरें; पण शहराच्या वाहत्या रस्त्यावर अशी मंद गाडी मागून येणाऱ्या मोटारींच्या वाटेंतच राहते.

परवान्याचेंहि पाहावें. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षांवरील माणसाला परवाना पांच पांच वर्षांनींच नवा करून मिळतो, आणि चाळिशीनंतर वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. हा दाखला ओळखीच्या डॉक्टरकडून दोन मिनिटांत सहीनिशीं आणण्याची रीत आहे. ज्याला रात्रीं समोरच्या दिव्यांनीं डोळे दिपतात, ज्याची मान मागें वळत नाहीं, किंवा मधुमेहानें ज्याच्या तळव्यांची संवेदना बोथट झाली आहे, त्यानें ती रीत पाळूं नये. डॉक्टरांपुढें खरें सांगावें. डोळ्यांतील मोतीबिंदू काढल्यावर कित्येकांची गाडी पुन्हां सुरू होते. चक्कर येत असेल तर मात्र कितीहि उत्तम स्कूटर उपयोगाची नाहीं, आणि त्या घरांत मुलाचें म्हणणें मान्य करावें.

एवढें सर्व जुळल्यावर शेवटची परीक्षा दुकानांत होत नाहीं. परीक्षेसाठीं दिली जाणारी गाडी पुष्कळ दुकानदार मागितल्यास घरापर्यंत आणतात. ती सकाळीं आठ वाजतां आपल्याच इमारतींत आणवावी, शेजारच्या दोन गाड्यांच्या मधल्या नेहमींच्या अरुंद जागेंत लावावी, पुन्हां उलटी काढावी, उतारावर थांबवावी, मधल्या स्टँडवर चढवावी. आणि मग पत्नीला मागें घेऊन, हुकाला भाजीची भरलेली पिशवी अडकवून, मंडईपर्यंत एक फेरी करावी. मुलालाहि त्या वेळीं खालीं बोलवावें. वॉचमनला मात्र दूर उभें राहण्यास सांगावें.