'आम्ही'च्या राज्यांतील 'मी'

दारव्ह्याच्या बाजारांत प्रत्येकाचा कापूस आधीं निराळा तोलतात, त्याची प्रत ठरवितात; मगच तो सर्वांच्या गंजींत मिसळतो. १९७२ सालीं सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीनें सर्वांच्या हितासाठीं म्हणून ग्राहकही एकच ठेविला. तरी 'हें मान्य नाहीं' असें जाहीरपणें म्हणणारे शरद जोशी निघूं शकले. समूहापेक्षां ही वाट बुजण्याचें भय अधिक. झाम्यातिन या रशियन लेखकाची, १९२४ सालीं इंग्रजींत आलेली 'आम्ही' ही कादंबरी तेंच भय रंगविते. तिच्या राज्यांत माणसांना नांवांऐवजीं क्रमांक, घरांना कांचेच्या भिंती आणि निवडणुकीला एकच उमेदवार. मोजणीचे श्रम वांचले! पण विरोधाचे हात वर होतात, आणि कल्पनाशक्ति काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सक्तीची होते. मग नायक डी-५०३ आपल्या प्रेयसीचा छळ समोर बसून, अगदीं शांतपणें पाहतो.